रेडिओपुढचा भंडारा

मंगळवेढ्याच्या रस्त्याला शाळू हुरड्यावर आला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फलक लागतात. गरम हुरडा, शेंगांची चटणी, गूळ, दही, मुलांना झोके, मोठ्यांना बाजा. परवा आम्हीही गेलो होतो. आगटीतून काढलेली कणसं चोळून तिथली बाई हिरवे दाणे पुढ्यात टाकत होती. वास तोच होता. चवही, खोटं कशाला बोलू, तीच होती. फक्त लिंबाला टांगलेल्या स्पीकरवर सिनेमातलं कुठलंसं गाणं ढणढणत होतं आणि कुणाची तरी मुलं बाजेवर उभी राहून नाचत होती. मी उठले, गाडीत जाऊन बसले आणि रेडिओवर आमच्या केंद्राचा आकडा लावला. नुसती खरखर. नवरा द्रोण हातात घेऊन खिडकीशी आला आणि म्हणाला, "अजून किती वर्षं लावून बघणार आहेस?" मी म्हटलं, "तू हुरडा खा."

आमचं केंद्र सरकारी नव्हतं. बियाण्यांच्या धंद्यात बरकत आलेल्या एका गृहस्थांनी ते हौसेनं काढलं होतं. लहानथोर सगळे त्यांना काका म्हणत. शहराबाहेर सरकीच्या एका रिकाम्या गोदामात दोन खोल्या आणि मागच्या टेकाडावर मनोरा, एवढाच पसारा. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना काहीतरी लावायला हवं होतं. आमचे ध्वनिमुद्रक नरसय्या यांनी चुलतभावाच्या मागावरून विणताना चुकलेल्या चादरी आणल्या आणि छतापासून खालपर्यंत ठोकून टाकल्या. पाहुण्यांना वाटायचं, सोलापूरची शान म्हणून लावल्यात. एका चादरीवरचा मोर उलटा होता. त्या उलट्या मोराकडे बघत मी पहिलं निवेदन केलं, अगदी जड, ठेवणीतल्या मराठीत. गाणं सुरू होतंय न होतंय तोच चिंचोळी एमआयडीसीतून एका कामगाराचा फोन आला. "बाई, तुमी गाणी लावताय का दहावीचा निकाल सांगताय?" त्या दिवसापासून मी जरा माणसात आले.

काकांचा हट्ट एकच. सिनेमाचं गाणं लावायचं नाही. लोक घरात, रानात, कामावर जे गातात तेच लावायचं. सुगीत शाळू काढणाऱ्या बायकांची भलरी मुद्रित करायला नरसय्या यंत्र खांद्याला अडकवून बांधाबांधानं हिंडायचे. गाण्याच्या मधे मधे धाटं उपटल्याचा आवाज यायचा. तो काढायचा नाही, असं काकांनी बजावलं होतं. शहरातल्या विणकर बायका तेलुगू गाणी गाऊन जायच्या. लग्नातली दखनी गाणी म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्या आजींची मुलगी दर आठवड्याला फोन करायची, "बाजी, अम्मा का गाना कब लगाते?" अक्कलकोटकडून कन्नड गाणारी मंडळी यायची आणि माझ्याशी तासभर बोलायची. मला कन्नड 'ऊट आयता', म्हणजे जेवण झालं का, याच्या पलीकडे येत नाही, हे त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. अशा कारभारातून पैसा मिळत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. काकांनाही कळत होतं. ते म्हणायचे, बियाणं विकतोय ना मी, ते पुरे आहे.

आता माझा आवाज कचऱ्याच्या गाडीवर लागतो. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात. चेष्टा नाही, खरंच माझाच आवाज आहे. एका ओळखीच्या मुलानं बोलावलं, मी गेले, बोलून आले. केंद्रावर होते तेव्हा मला जितकी माणसं ऐकत नव्हती तितकी आता रोज सकाळी ऐकतात. आमच्याच गल्लीत गाडी येते. मी आतून माझं बोलणं ऐकते आणि मग डबा घेऊन माझ्यामागे धावते. हसू येतं, आणि हसून झालं की कसंतरी होतं. आपला आवाज आपल्याला सोडून गावभर फिरतो, त्याला आपण थांब म्हटलं तरी थांबत नाही, हे काही बरं वाटण्यासारखं नाही.

आणि असं वाटलं की मला भिवाआण्णा आठवतात.

सांगोल्याकडच्या एका कोरड्या ठणठणीत गावातले हे दोघे धनगर भाऊ, भिवा आणि धुळा. ओव्या गायचे. भिवाआण्णा थोरले, ते पुढे गाणार. धुळाआण्णा डाव्या अंगाला अर्धं पाऊल मागे, ते झील धरणार. झील म्हणजे पुढच्याची ओळ मागच्यानं उचलून लांबवायची. सांगायला सोपं आहे. पण धुळाआण्णा ओळ संपायची वाट बघतच नसत. भिवाआण्णांच्या तोंडात शेवटचा शब्द अर्धा असतानाच ते तो उचलत, आणि ते श्वासाला थांबायच्या आत भिवाआण्णा पुढची ओळ टाकत. डोळे मिटून ऐकलं तर माणसं दोन आहेत हे कळायचं नाही. एकच लांब आवाज, कुठे न तुटणारा. केंद्राकडे बरा म्हणावा असा माईक एकच होता. दोघे खांद्याला खांदा लावून त्याच्यापुढे उभे राहायचे आणि घोंगड्यांचा वास त्या चादरींना पुढे कितीतरी दिवस यायचा.

दिवाळी झाली की त्यांच्याकडची माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडतात. गावात चाराही नसतो आणि पाणीही. सुगीला ती भीमेच्या आणि सीनेच्या काठानं पांगलेली असतात. शाळू निघालेल्या रानात शेतकरी बोलावून मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं म्हणून. आज या रानात, चार दिवसांनी त्या रानात. आणि गावातल्या बिरोबापुढे सुगीतल्या एका रविवारी ओवी व्हायची ती ऐकायला देवळात उरायचे म्हातारे आणि पांगळे. पहिल्या वर्षी काकांनी या दोघांना त्या रविवारी सकाळी केंद्रावर बोलावलं आणि त्यांची ओवी थेट लावली. त्यात आमचा काही मोठा विचार नव्हता, एक कार्यक्रम भरायचा होता. पुढच्या आठवड्यात धुळाआण्णांची बायको सखूबाई मोहोळच्या बाजारातून वाट वाकडी करून केंद्रावर आली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "बाई, आमी वाघरीपाशी बसून ऐकलं. रेडिओपुढं नारळ फोडला, भंडारा उधळला. औंदा देव हितंच आला म्हना की."

मग ती रीतच पडली. दर सुगीला तो रविवार. जिथे जिथे मेंढरं बसलेली असतील तिथे तिथे माणसं अंघोळी करून, घोंगडं अंथरून, त्यावर रेडिओ ठेवून बसायची. मी एकदा मुद्दाम बघायला गेले होते. त्या दिवशी निवेदन दुसऱ्यानं केलं. मोहोळच्या अलीकडे एका काळ्या रानात, मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळ्याशेजारी, सात-आठ बाया आणि दोन म्हातारे त्या एवढ्याशा डब्यापुढे हात जोडून बसले होते. ओवी उठली तशी सखूबाईनं मूठभर भंडारा त्याच्यावर टाकला. आत जाईल, बिघडेल, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. नरसय्या सांगायचे, शहरातले दुरुस्तीवाले रेडिओ उघडताच ओळखायचे की हा धनगराचा. आत सगळं पिवळं.

ती ओवी थेटच व्हायची, दर वर्षी नवी. एका वर्षी दोघांना यायला जमेल की नाही अशी धाकधूक होती, म्हणून मी म्हटलं, आण्णा, नाहीच जमलं तर मागच्या वर्षीची लावू, नरसय्यांनी जपून ठेवलीय. भिवाआण्णा माझ्याकडे असे बघत राहिले, जसं मी त्यांना उष्टं ताट वाढलंय. "शिळा निवद देवाला दावत्यात व्हय, बाई? जित्या तोंडानं गावं लागतं."

हे सगळं त्या एका सुगीसाठी सांगतेय. मला आठवते ती तीच सुगी, बाकीच्या तिच्यात मिसळून गेल्यात.

त्या वर्षी काका नव्हते. उन्हाळ्यात गेले. त्यांची मुलं वाईट नव्हती, उगाच कशाला नावं ठेवू. त्यांनी आम्हाला बसवून, चहा पाजून सांगितलं की गुढीपाडव्यापासून केंद्र पुण्याच्या एका मोठ्या वाहिनीला जोडलं जाईल, गाणी तिकडून येतील, इथे माणसांची गरज उरणार नाही. पुढे ती वाहिनीही परवडेना आणि मनोरा उतरवला, ती गोष्ट निराळी. मी त्या दिवशी चहा प्यायले नाही, एवढाच माझा निषेध. आणि श्रावणात धुळाआण्णा तापानं गेले होते. गावातून निरोप आला होता, तेव्हा मी आणि नरसय्या जाऊन आलो. भिवाआण्णा ओट्यावर बसले होते. आमच्याशी बोलले, चहा घ्या म्हणाले, पाऊस नाही म्हणाले, भावाचं नावसुद्धा काढलं नाही.

पौषात एका सकाळी ते एकटेच केंद्रावर आले. नेहमीसारखे आत न येता दाराशीच बसले.

"बाई, रविवार जवळ आला."

मी म्हटलं, "आण्णा, तुम्ही एकट्यानं गा. लोक समजून घेतील."

"एकट्याची ओवी म्हंजे निम्मं गाणं. देवाला निम्मं दिऊ?"

"गावातलं दुसरं कुणी?"

"पोरं हायती की. चिंचोळीला कामाला जात्यात. त्यास्नी मोटारीचं हारन वळकू येतं, चाल वळकू येत न्हाय." मग बराच वेळ ते बोटानं फरशीवर काहीतरी रेघोट्या ओढत राहिले. "औंदा मेंढरं सखू घिऊन गेलीया. एकली बाई, दोन पोरी. न्हवरा गेला त्याच साली देवाची ओवी बी चुकली, तर ती काय म्हनंल? आन फुडल्या साली तुमी न्हाय. मंजी ह्योच रविवार." आणि तेव्हा त्यांनी ते मागितलं, ज्यासाठी ते आले होते. "धुळाची झील तुमच्याजवळ हाय. तेवडी काडून द्या. मी फुडं गातो, तुमी मागनं त्याला लावा."

देवाला शिळं चालत नाही म्हणणारा माणूस हे मागत होता. अर्धं ताजं, अर्धं शिळं. नरसय्या आतून सगळं ऐकत होते. बाहेर आले, कानावरचं यंत्र गळ्यात ओढलं आणि म्हणाले, "होते की आण्णा. मी करते तुम्हाला." ते मराठी असंच बोलायचे.

मग नरसय्या जेवायला घरी जाईनात. मागच्या कितीतरी वर्षांच्या ओव्या त्यांनी काढल्या आणि धुळाआण्णांचा आवाज वेगळा करायला बसले. आणि तिथेच घोडं अडलं. वेगळा करणार कुठून? धुळाआण्णा ओळीत शिरायचे तेव्हा भिवाआण्णांचा शब्द चालूच असायचा. धुळाआण्णांना धरावं तर भिवाआण्णांची शेपटी त्यात यायची, ती कापावी तर धुळाआण्णांचं पहिलं अक्षर जायचं. माझा नुसता जळफळाट होत होता. काकांवर, की त्यांनी दुसरा माईक घेतला नाही. नरसय्यांवर, की ते शांत होते. त्या पुण्याच्या वाहिनीवर तर होताच. मग एकदा मनात आलं, दोन माईक असते तर त्या दोघांना दोन बाजूंना उभं केलं असतं आपण, आणि मग ते असं गायले असते का? त्यानं राग गेला नाही, पण कुणावर काढायचा ते कळेनासं झालं.

शेवटी त्यांनी जमेल तशी कापून, जोडून झील तयार केली. भिवाआण्णांना बोलावलं. उलट्या मोराखाली ते उभे राहिले, कानावर हात ठेवला आणि ओळ टाकली.

काळ्या रानात मेंढरं बसली, वाघरीला आलं चांदणं...

ओळ संपली. आणि मग, सावकाश, मागून धुळाआण्णांचा आवाज आला. स्वच्छ होता. सुरात होता. भिवाआण्णांनी हात खाली घेतला.

"ह्यो धुळा न्हाय."

नरसय्या म्हणाले, "आण्णा, त्यांचाच आहे. शपथ आहे."

"आवाज त्याचा आसंल. पर धुळा कवा थांबला न्हाय ओ." त्यांनी यंत्राकडे बोट केलं. "ल्हानपनापसनं, मी बोलाया लागलो की मधीच तोंड घालायचा. आय मारायची त्याला त्याच्यासाटनं. ह्यो कोन थांबून, इचारून गातोय? ह्यो पावना हाय कुनीतरी."

मला रडू आलं. सरळ सांगते, त्यांच्यासमोरच आलं. नरसय्यांनी यंत्र बंद केलं आणि चादरीच्या एका सुटलेल्या खिळ्याकडे बघत बसले. भिवाआण्णा घोंगडं झटकून निघून गेले, जेवलेही नाहीत. रविवारी ते येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो. निवेदनात काय सांगायचं ते मी तीनदा जुळवलं आणि तीनदा मोडलं.

त्या जुन्या ओव्या आज नरसय्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहेत. केंद्र आवरताना काकांची मुलं म्हणाली, तुम्हाला हव्यात तर न्या. हार्ड डिस्कच्या ज्या डबीत त्या भरल्या आहेत ती उघडेल की नाही, हे आता सांगता येत नाही म्हणे. मधे कधीतरी भेटले तेव्हा मी विचारलं, लावून बघितली का? ते म्हणाले, "नको मॅडम. उघडली नाही तर?" मीही आग्रह केला नाही. भलरी, दखनी आजी, अक्कलकोटची मंडळी, सगळी त्या पेटीत पडून आहेत. असतील. निदान नाहीत असं अजून कुणी सांगितलेलं नाही, यावर आम्ही दोघं दिवस काढतोय.

रविवारी सकाळी मी केंद्रावर पोचले तर भिवाआण्णा माझ्याआधी येऊन बसले होते. अंघोळ केलेली, कपाळाला भंडारा, नवं धोतर. मला म्हणाले, "न कापल्यालं हाय न्हवं? आमच्या दोगांचं, जसं हाय तसं?"

"आहे की."

"तेच लावा. समदं."

"आणि तुम्ही? जित्या तोंडानं गावं लागतं म्हणाला होता."

"गातो की." ते माईकपुढे गेले. पण नेहमीच्या जागी उभे राहिले नाहीत. डाव्या अंगाला सरकले, आणि अर्धं पाऊल मागे घेतलं.

मी निवेदन केलं. काय बोलले ते आठवत नाही, काहीच जुळवलं नव्हतं. नरसय्यांनी ओवी सोडली. यंत्रातून भिवाआण्णांचा जुना, भरदार आवाज उठला आणि त्याच्या शेवटच्या शब्दावर धुळाआण्णा धाडकन आत शिरले, नेहमीसारखे, विचारल्याशिवाय. आणि त्यांच्या मागून हे. जन्मभर पुढे गाणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा झील धरत होता, आणि त्याला ती येत नव्हती. दुसऱ्याचा शब्द अर्धा असतानाच तो उचलायची सवय नव्हती. उलट, स्वतःचा शब्द पुरा करायची सवय होती. तो पुरा होईपर्यंत धुळाआण्णा पुढे निघून गेलेले असायचे. दर ओळीला तेच. डोळे घट्ट मिटून, मान पुढे काढून ते भावाला गाठायला बघत होते, आणि दर ओळीला थोडे मागे राहत होते. घामानं त्यांच्या कपाळावरचा भंडारा भुवयांवर उतरला. मी काचेच्या अलीकडून बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, आता, आण्णा, आता घ्या. त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. ओवी संपली तेव्हा धुळाआण्णा थांबले, आणि मग हे थांबले.

ते बाहेर येऊन बाकावर बसले. मी पाणी दिलं. चांगलं झालं म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर जीभ रेटेना. तेवढ्यात फोन वाजला. वाऱ्याचा आवाज, मेंढरांचा आवाज आणि त्यातून सखूबाई. नरसय्यांनी फोन मोठ्यानं ऐकू येईल असा केला.

"बाई, पोचली ओवी! भंडारा उधळला. पोरी लई रडल्या. आमचं मालक अक्शी हुबं ऱ्हायल्यावानी वाटलं ओ." मग जरा कुतूहलानं म्हणाली, "पर ह्या बारीला मागनं आनी कोन हुतं? तिसरा आवाज कुनाचा? लई मागं पडत हुता."

मी भिवाआण्णांकडे बघितलं. धाकट्या भावाची बायको, ते थोरले दीर. त्यांच्या घरात दोघांचं समोरासमोर बोलणं नसतं, फोनवरही नाही. त्यांनी भांडं खाली ठेवलं, घोंगड्यानं तोंड पुसलं आणि मला म्हणाले,

"सांगा तिला. नवा हाय. शिकतोय अजून."